डाव्या दाराचा पत्रा

२७ ऑगस्ट २०१७, रविवार

आज गंधालीनं आमच्या फिएटचं डावं दार लावलं आणि दाराचा खालचा पत्रा तुटून तिच्या पायावर पडला. माझं आयुष्य त्या क्षणी बदललं. यापुढे काही लिहिलं नाही तरी चालेल, पण लिहितो.

ती आणि नरहरकाका गणपतीच्या दर्शनाला आले होते. नरहरकाका म्हणजे तिचे वडील. मागच्या गल्लीत राहतात, वकील आहेत, घराणं भोसल्यांच्या काळापासून रायपुरातलं. नळाला पाणी नसल्याची तक्रार करतानाही ते भोसल्यांपासून सुरुवात करतात. जाताना ती पोर्चमध्ये थांबली, गाडीवरची ताडपत्री उचलली, दार उघडून आत डोकावली. लहानपणी बाबा आम्हा दोघांना याच गाडीतून शाळेत सोडायचे. ती पुढे डावीकडे, मी मागे. (रविवारी पुढची जागा आईची. तेव्हाही मी मागेच.) मग तिनं दार लावलं. मग पत्रा.

ती हसली. कॉलेज सुटल्यापासून माझ्यासमोर अशी हसली नव्हती. म्हणाली, 'अरे यार, ये तो पापड़ हो गई है.' तिला मराठी सगळं समजतं, बोलते हिंदीत. हसते मात्र मराठीत.

दसऱ्यानंतर तिला नवा रायपुरात नोकरी लागतेय. मी म्हटलं, तिकडे बस कुठे मिळते, मी सोडत जाईन. ती म्हणाली, 'नहीं रे, ऑफिस की बस आती है, चौक से.'

मला त्रास नको म्हणून म्हणाली. स्वभावच तसा.

संकल्प: दसऱ्याच्या आत गाडी तयार. पत्रे मी स्वतः वेल्ड करणार, घरीच. मग रोज सकाळी गंधाली डाव्या सीटवर. तिकडचे रस्ते एवढे रुंद आणि रिकामे की बोलायला भरपूर वेळ.

आईला सांगितलं. ती उकड मळत होती. म्हणाली, 'तुले घरातला बल्ब बदलता येत नाही.' बल्ब आणि वेल्डिंग या दोन वेगळ्या ब्रँच आहेत.

२९ ऑगस्ट

दिवसभर यूट्यूब. 'घरच्या घरी गाडीचा पत्रा वेल्ड करा, नवशिक्यांसाठी टिपा.' एक गोरा म्हातारा आहे. त्याचं गॅरेज आमच्या हॉलपेक्षा स्वच्छ. म्हणतो, आधी बॅटरी काढा. सीटा, गालिचे काढा. रंग आणि जंग घासून चकचकीत पत्रा काढा. भंगारावर सराव करा. सलग रेघ ओढू नका. इथे एक टिपका, तिथे एक टिपका, मध्ये थंड होऊ द्या. घाई करू नका.

टिपा बऱ्या आहेत, पण नवशिक्यांसाठी. मी तिसऱ्या वर्षापर्यंत मेकॅनिकल केलंय. वेल्डिंगवर आख्खा धडा होता. तो शिकवला तेव्हा मी विभागप्रमुखांशी बोलत नव्हतो, म्हणून वर्गात नव्हतो. (कॉलेज मी सोडलं. कॉलेजनं मला नाही. ड्रॉइंग बोर्ड खिडकीतून खाली गेला तो वाऱ्यानं.)

संध्याकाळी आईशी वाजलं. तिनं कबाडीवाल्याला बोलावून ठेवलंय. म्हणाली, बाबा गेल्यापासून गाडी उभी आहे, दोन पावसाळे खाल्ले तिनं, आता काय ठेवायचं. मी आवाज चढवला. तिनंही. शेवटी तिनं करार सांगितला: 'दसऱ्यापर्यंत थांबते. चालली तं ठेव. नाही तं गाडी कबाड्याकडे आन् तू कॉलेजात.' मी म्हटलं, मंजूर. ती म्हणाली, 'नुसती चालून नाही चालत. ते पोट्टी बसली पाहिजे तिच्यात. तिच्याचपायी चालू हाये न हे सगळं?'

मी म्हटलं, कोणती पोट्टी?

आई भांडी घासायला गेली. मी खोलीत गेलो आणि दार लावलं. भिंतीवरचं कॅलेंडर पडलं. बाबा असते तर ओरडले असते, 'दार हाये ते, दुश्मन नाही.' माझ्या लहानपणापासून त्यांचं हेच एक वाक्य. गाडीचं दार लावताना तर दोनदा.

आज कोणी ओरडलं नाही.

२ सप्टेंबर

बीरगांवला गेलो. गौतमच्या भावाचं तिथे गेट-ग्रिलचं वर्कशॉप आहे. गौतम माझा शाळेपासूनचा मित्र. मशीन द्यायला तयार झाला, पण म्हणाला, 'भाई, ये गेट की मशीन है. गाड़ी का पत्रा कागज है, छेद मारेगी.' मी म्हटलं, करंट कमी ठेवू. म्हणाला, 'कम में चिपकेगी.' मी म्हटलं, मग मध्यम. म्हणाला, 'देख ले.'

गौतमचं हेच. लढायच्या आधी हार. त्यांच्या हातचं एक गेट आमच्या चौबे कॉलोनीत आहे, उघडायला दोन माणसं लागतात. अशा माणसाचा सल्ला किती घ्यायचा?

डोळ्यांपुढे धरायची काळी काचही दिली. मूठ तुटलेली.

५ सप्टेंबर, अनंत चतुर्दशी

विसर्जन. तलावावर गंधाली दिसली. मला पाहून तिनं हात केला, किंवा केस मागे सारले.

हात केला.

उद्यापासून पितृपक्ष. आई म्हणते, या पंधरवड्यात नव्या कामाला हात लावू नये. मी म्हटलं, हे नवं काम नाही, गाडी जुनी आहे.

७ सप्टेंबर

सरावाला भंगार पत्रा हवा. घरात शोधलं. आपल्या कूलरची मागची बाजू अगदी योग्य. सप्टेंबरात कूलरचा काय उपयोग?

पहिला टिपका: भोक. दुसरा टिपका: पहिल्या भोकाशेजारी भोक. मग करंट कमी केला. रॉड चिकटला, ओढला, कूलर बरोबर आला. मग जमलं. म्हणजे भोकं एका ओळीत आली. कूलरला जाळीच्या बाजू असतातच, त्यात आता एक वाढली. उरलेला कोरा तुकडा कापून ठेवला, तो दाराला.

पत्र्यातून पांढरा धूर निघतो, जिभेवर गोडसर चव येते. प्रसन्न वाटत होतं.

संध्याकाळी थंडी भरून आली. दात वाजत होते. आईनं दोन गोधड्या घातल्या, वर बसली. डोळे मिटले तर बाबा.

पलंगाच्या पायथ्याशी उभे होते. रेल्वे ऑफिसात घालायचे तो पांढरा हाफशर्ट, खिशाला पेन. आवळ्याच्या तेलाचा वास. माझ्याकडे बघत नव्हते. दाराकडे बघत होते, पोर्चच्या बाजूच्या. कोणाची तरी वाट बघताना उभे राहायचे, तसे.

८ सप्टेंबर

ताप साफ उतरला. आईनं डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, जस्ताच्या पत्र्याचा धूर छातीत गेला, असंच होतं, पुन्हा करू नको म्हणावं. यूट्यूबवरचा म्हातारा हेच पुढच्या भागात सांगतो. मग मागच्या भागात सांगायचं ना.

मी आईला विचारलं, बाबांचा पांढरा हाफशर्ट कुठे आहे? ती म्हणाली, 'काहून?' मी म्हटलं, सहज. ती बराच वेळ कपाटाकडे बघत होती. उघडलं नाही.

१० सप्टेंबर, रविवार

गौतम टेम्पोची बॅटरी घेऊन आला. गाडी सुरू झाली! आधी खोकली, मग काळा धूर, मग सुरू. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. हातात लाटणं.

ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. आरसा अजून बाबांच्या उंचीला लावलेला आहे. मला त्यात मागचा रस्ता दिसत नाही, मागची सीट दिसते. माझी जागा. फिरवायला गेलो, फिरला नाही. राहू दिला. आरशाकडे न बघताही गाडी चालते.

मग आतल्या जमिनीच्या पत्र्याला काही टिपके मारले. बॅटरी काढा, असं म्हातारा म्हणतो. पण आत्ताच तर लावली होती.

संध्याकाळी मी हातपाय धूत होतो. हॉर्न वाजला. एक लांब, एक तोकडा. ऑफिसातून आल्यावर बाबा फाटकाशी असाच वाजवायचे.

बाहेर धावलो. गाडीत कोणी नाही. पण आई माझ्या आधी पोचली होती. कणकेच्या हातानं फाटकाची कडी काढून उभी होती, फाटक अर्धं उघडून, बाजूला सरकून. गाडी आत यायला जागा देत.

रस्ता रिकामा. तिनं कडी परत लावली. म्हणाली, 'दूधवाला असन.'

दूधवाल्याकडे सायकल आहे.

११ सप्टेंबर

गौतमला फोन केला. तो म्हणाला, 'बैटरी लगी छोड़ के वेल्डिंग मारी न? वायरिंग जल गई होगी, कहीं टच हो रही है.' मी त्याला लांब-तोकड्याचं सांगितलं. म्हणाला, 'टच तो कैसे भी होता है.'

गौतमचा अध्यात्माचा काही अभ्यास नाही. फोन आपटला. काचेला तडा. माझ्याच.

१२ सप्टेंबर

बाबांची तिथी. त्यांचे मोठे भाऊ बाबाराव काका दुर्गहून आले. पान वाढून गच्चीच्या कठड्यावर ठेवलं. वडे, खीर, कढी. सगळं बाबांच्या आवडीचं. एरवी गल्लीत माणसांपेक्षा कावळे जास्त. आज एकच आला आणि तोही पानाकडे नाही. खाली फिएटच्या टपावर बसला. बसूनच राहिला.

काका गच्चीवरून वाकून म्हणाले, 'श्यामरावचा जीव गाडीत अडकून राहिला. शब्द द्या रे कोणी.'

मी हात जोडले. म्हटलं, बाबा, गाडी मी दुरुस्त करतो, दसऱ्याच्या आत. कावळ्यानं मान वाकडी केली. मी सविस्तर सांगितलं: कोणता पत्रा, कुठून कापला, कुठे लावणार. कावळा टपावर शिटला.

मग काका पुढे झाले. दुर्गच्या घराबद्दल त्यांनी काहीतरी शब्द दिला, पण इतक्या हळू की शेजारी उभ्या मलाही ऐकू आला नाही, खाली कावळ्याला कुठून येणार?

खीर थंड. माणसं भुकेली. आई पदर खोचून कठड्याशी आली आणि खाली बघून, रोजच्या आवाजात म्हणाली, 'पोट्ट्याले कॉलेजात धाडते मी. या आता.'

कावळा उठला. सरळ कठड्यावर आला. वडा उचलला. गेला.

माझं स्पष्ट मत: तो माझ्याच शब्दावर निघाला होता. कावळे विचार करून उठतात. आईचं वाक्य मध्ये आलं, एवढंच.

जेवताना आई म्हणाली, 'कावळ्याले शब्द देला आता.' मी म्हटलं, आपला करार दसऱ्यापर्यंतचा आहे. म्हणाली, 'हव, दसऱ्यापर्यंत थांबते. कावळा बी थांबन.'

बाबांशी वाद घालता यायचा. कावळ्याशी कसा घालायचा?

१४ सप्टेंबर

कावळा रोज येतो. काम बघतो.

काळ्या काचेची मूठ तुटकी, त्यामुळे एक हात काचेत अडकतो. मी युक्ती काढली. रॉड टेकवताना डोळे मिटायचे. प्रकाश पापणीतूनही कळतो.

संध्याकाळपासून डोळ्यांत कोणी वाळू भरल्यासारखं. धारा लागल्यात. आईनं काकडीच्या चकत्या ठेवल्या. नेमकी तेव्हाच गंधाली प्रसादाची वाटी परत द्यायला आली. मी चकत्या काढून उठून बसलो. गालावरून पाणी वाहतंय, थांबत नाही. तिनं वाटी ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, 'रो मत यार. तीन साल तो हो ही गए थे. चला जा वापस.'

तिला वाटलं मी कॉलेजसाठी रडतोय. मी म्हटलं, हे अश्रू नाहीत. ती म्हणाली, 'हाँ हाँ, ठीक है,' आणि खांद्यावर थोपटलं.

थोपटलं! खांदा उजवा. दिसत काही नव्हतं, पण हात तिचाच होता. आईचा नव्हता, आई विळीवर काकडी चिरत होती, आवाज येत होता.

१७ सप्टेंबर, विश्वकर्मा पूजा

आज बीरगांव-उरल्याच्या आख्ख्या कारखान्यांत कोणी अवजाराला हात लावत नाही. मशिनींना हार, पुढे नारळ. गौतमनं सकाळीच फोन करून बजावलं, 'आज मशीन मत छूना, विश्वकर्मा जी नाराज होते हैं.' मी विचार केला, सगळ्यांच्या मशीन बंद म्हणजे आज व्होल्टेज झकास.

झकासच होतं.

डाव्या दाराचा पत्रा आज लावला. म्हातारा म्हणतो, दार बंद करून जुळवा, म्हणजे ओळ बरोबर येते. दार बंद केलं. तो छोटे-छोटे तुकडे लावतो. मी कूलरचा एकच मोठा तुकडा लावला, दाराच्या मध्यापासून थेट दाराखालच्या पट्टीच्या पार खालपर्यंत. पाट घेऊन बसलो आणि टिपके-बिपके नाही, कडेकडेनं सलग रेघ ओढली. तोंडाला ओला रुमाल बांधला होता, म्हणजे तीही खबरदारी झाली. आता दार आणि खालची पट्टी एकसंध दिसतात. मध्ये फट नावाला नाही. अशी फिनिशिंग कंपनीतसुद्धा मिळत नाही.

मध्येच आवळ्याचा वास आला. खूप. बाबा शेजारी बसल्यासारखा. मी रॉड थांबवला आणि म्हटलं, बघा बाबा, जमलं. मग कळलं की आत सीट धुमसतेय.

आईनं पिण्याच्या पाण्याची कळशी ओतली. डावी सीट वाचली. ठिणगी आतून पलीकडे उडाली असेल, ड्रायव्हरची सीट एका बाजूनं काळी पडली. पण पाठीवर जिथे बाबांचं डोकं टेकायचं, तिथला तेलाचा गोल डाग जसाच्या तसा. सगळीकडून जळत आलं आणि तिथे थांबलं. आई त्या डागाकडे बघत होती. मी काही बोलणार होतो. तिनं हात वर केला, म्हणजे बोलू नको.

२१ सप्टेंबर, घटस्थापना

रंग दिला. फिएटचा आकाशी आता मिळत नाही. दुकानदार म्हणाला, एमपी होतं तेव्हाचा रंग आहे तो. नंबरप्लेटही एमपीचीच आहे. राज्य बदललं, गाडी राहिली. खिडक्यांना देतात तो निळा आणला. थोडा वेगळा दिसतो. लांबून नाही. फार लांबून नाही.

दार दसऱ्यापर्यंत उघडायचं नाही असं ठरवलंय. रंग पक्का बसू दे. पहिल्यांदा गंधालीच उघडेल.

२४ सप्टेंबर, रविवार. दुपार

झोपेतून उठलो, खिडकीतून बघतो तर आई गाडीत. डाव्या सीटवर. ताडपत्री अर्धी काढलेली. ओठ हलत होते. मध्येच हसली, मध्येच कोणावर तरी रागावली. शेजारची सीट रिकामी. कावळा टपावर.

मला उगाच वाटलं, आत्ता पोर्चमध्ये गेलो तर ते दोघं बोलायचे थांबतील. लहानपणी थांबायचे तसे. गेलो नाही.

मग ती उतरली. पण उजवीकडून. सरकत, स्टिअरिंगच्या खालून, साडी सावरत. डावं दार शेजारी असताना एवढा वळसा कशाला? रंग ओला आहे असं वाटलं असेल.

संध्याकाळी पुन्हा हॉर्न. एक लांब, एक तोकडा. आई पोळ्या लाटत होती. या वेळी फाटकाकडे गेली नाही. फक्त गॅस बारीक केला.

२८ सप्टेंबर

गंधालीला बोललो. म्हटलं, दसऱ्याला सोनं द्यायला येशील तेव्हा गाडीतून एक फेरी मारू, तेलीबांधाच्या तलावापर्यंत. ती म्हणाली, 'तेरी वो पापड़ में? चल, देखते हैं.'

देखते हैं म्हणजे हो. साफ नाही म्हणायचं असतं तर नाही म्हणाली असती. ती सरळ मुलगी आहे.

रस्त्यात काय बोलायचं ते ठरवलं. आधी हवा. मग तिची नोकरी. मग विषय.

३० सप्टेंबर, दसरा

लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

सकाळी गाडी धुतली. आईनं बोनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं. गौतमनं बॅटरी चार्ज करून परत लावली. पहिल्या झटक्यात सुरू! मी फाटकाबाहेर काढली. लिंबू फुटलं, दुसरं काही फुटलं नाही. बाबाराव काका, शेजारचे, नरहरकाका, सगळे रस्त्यावर. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. आजवर माझ्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या.

गंधाली आली. केशरी साडी. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली. मी म्हटलं, बस. ती डाव्या बाजूला गेली आणि हँडल ओढलं.

मी म्हटलं, थोडं घट्ट असेल, काम नवं आहे. तिनं पुन्हा ओढलं. मग गौतमनं ओढलं. मग गौतमनं आणि मी मिळून. गाडी हलली, दार नाही. नरहरकाका चष्मा लावून खाली वाकले, पत्र्यावरून बोट फिरवत पुढून मागे गेले आणि उठून म्हणाले, 'यज्ञेश्वर, हे दार तू गाडीला जोडून टाकलंस. कोर्टात एवढं पक्कं सील पाहिलं नाही मी.'

बाबाराव काका हसले, शेजारचे हसले. मी गंधालीकडे बघत होतो. ती हसेल असं वाटलं. पत्रा पायावर पडला तेव्हा हसली होती. आता हसायचं तर सगळ्यात मोठं कारण होतं.

हसली नाही. मान किंचित वाकडी करून माझ्याकडे बघत होती, आजारी माणसाकडे बघतात तशी. मी म्हटलं, उजवीकडून ये, सरकत. ती म्हणाली, 'साड़ी है न. रहने दे, यज्ञेश्वर भैया.'

भैया. इतकी वर्षं एकदाही नाही म्हणाली. मी ते मोजत आलो होतो.

मी दाराला लाथ मारली. मग आणखी एक. दाराला पोचा आला, पण जागचं हललं नाही. कामाच्या पक्केपणाचा याहून मोठा पुरावा नको.

आणि तेव्हा हॉर्न वाजला. एक लांब, एक तोकडा. गाडीत कोणी नाही, सगळ्यांनी बघितलं. गौतम पुटपुटला, 'बोला था, वायरिंग.' पण आवाज त्याचाही हळू. बाबाराव काकांनी हात जोडले.

आई फाटकातून बाहेर आली. हिरवी साडी, दसऱ्याची. कोणाकडे न बघता गाडीला वळसा घातला, उजवं दार उघडलं, स्टिअरिंगखालून सरकत डाव्या सीटवर गेली. पदर मांडीवर नीट घेतला. मग शेजारच्या रिकाम्या सीटकडे वळून, रागावून, पण रविवारी रागवायची तशी, म्हणाली, 'आली न जी. किती वाजवता?'

हॉर्न पुन्हा वाजला नाही.

१ ऑक्टोबर

करार नीट वाचला तर मी हरलेलो नाही. गाडी चालली. अट होती की पोट्टी बसली पाहिजे. आईही कोणाची तरी पोट्टीच. मी हे तिला सांगितलं. ती म्हणाली, कॉलेजची बस सकाळी चौकातून निघते, डबा करून देईन.

कबाडीवाला आला होता. आईनं त्याला फाटकातूनच परत पाठवलं. मी म्हटलं, पण करार? म्हणाली, 'गाडी राहते. तू जातं.' मी म्हटलं, निदान ते दार तरी गौतमकडून कापून घेतो. तेव्हा मात्र ती ओरडली. म्हणाली, हात लावशील तर बघ. त्या बाजूनं आता कोणी उतरत नाही, तसंच राहू दे.

मी डाव्या दारासाठी एवढं केलं ते चढायला. तिनं ते उतरायचं दार धरलं. दोन वेगळ्या ब्रँच.

३ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळ. चौकात

बस यायची आहे. विभागप्रमुखांना काय म्हणायचं ते ठरवलंय. आधी वारा, मग खिडकी, मग बोर्ड.

आत्ताच गंधालीच्या ऑफिसची बस गेली. खरंच येते, चौकातूनच. पांढरी, एसी. ती खिडकीशी होती. मला पाहून तिनं हात केला.

केस मागे सारले.

घरून निघालो तेव्हा आई गाडीत होती. चहा घेऊन बसली होती, कप डॅशबोर्डवर, शेजारी दुसरा कप. वाफ दोन्हींतून. टपावर कावळा नव्हता. पहिल्यांदाच. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर बघितलं, झाडावर बघितलं. नव्हता.

उजवं दार उघडंच राहिलं होतं. सरकत आत गेल्यावर तिचा हात तिथवर पोचत नाही. मी वाकलो. आरशात मागची सीट दिसली, कोणी नव्हतं. मी म्हटलं, येतो. ती माझ्याकडे बघून नाही, शेजारच्या सीटकडे बघून म्हणाली, 'चालला पहा.' मग मला म्हणाली, 'दार हाये ते.'

पुढचं मला माहीत होतं. डबा पिशवीत टाकला, बाहेर झालो आणि दार लावलं. हळू. आवाजच आला नाही.

लागलं.